विशीतली हाडं, सत्तरीची झीज

काचेची एक लहान नळी घ्यायची. तिच्यात सोडियम डायथायोनाइट घातलेलं द्रावण असतं. बोटाला टोचून काढलेल्या रक्ताचा थेंब त्यात सोडायचा, नळी हलवायची, पाच-एक मिनिटं थांबायचं आणि मग काळ्या रेघा छापलेल्या पांढऱ्या कागदासमोर ती धरायची. नळीतून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी मिटली. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर त्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. विदर्भातल्या शाळांत, आश्रमशाळांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत हजारो मुलांनी या ‘सोल्युबिलिटी’ चाचणीसाठी बोट पुढे केलेलं आहे.

त्या नळीत जे घडतं ते थक्क करणारं आहे. डायथायोनाइट हिमोग्लोबिनकडचा ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला तरी विरघळलेलंच राहतं. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू मात्र ऑक्सिजन सुटला की एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांबच लांब धागे तयार होतात आणि ते धागे प्रकाश अडवतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं एकापाठोपाठ एक ओवलेली असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, फरक एवढाच. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो केंब्रिजमध्ये १९५६-५७ साली शोधून काढला. १४६ पैकी एका जागेवरची अदलाबदल, आणि ती कागदावरच्या हरवलेल्या रेघांमधून साध्या डोळ्यांना कळते!

या हिमोग्लोबिनमुळे होणाऱ्या सिकलसेल या आजाराशी नागपूरचं नातं जुनं आहे. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ साली, शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पुढे कळत गेलं की गोंड, माडिया, परधान अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या बौद्ध व इतर बहुजन कुटुंबांतही हा जनुक खोलवर मुरलेला आहे. महाराष्ट्रातल्या काही आदिवासी जमातींत वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्याही वर आढळलं. नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करणारे संपत रामटेके यांचं नाव २०१८ च्या पद्मश्रींच्या यादीत होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराला जागा मिळाली आणि १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

हे सगळं रक्ताच्या आजाराचं बोलणं झालं. पण सिकलसेलचा माणूस नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत येतो तो बहुतेक वेळा हाडं दुखतात म्हणून. पहिली खूण तर पाळण्यातच दिसते. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हात-पाय अचानक सुजतात. बाळ पाऊल टेकवत नाही, कुणी बोट धरलं तरी कळवळतं. जन्मानंतरचे पहिले काही महिने आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेतं. ते ओसरलं की हातापायांच्या इवल्या हाडांत रक्त अडायला लागतं. मोठेपणी पाठ, मांड्या, छाती, खुबा. या दुखण्याला डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात आणि आता घरातली माणसंही हाच शब्द वापरतात. आणि तपासलं तर या तरुण माणसांची हाडं विरळ निघतात. अमेरिकेत १०३ प्रौढ सिकलसेल रुग्णांच्या हाडांची घनता मोजली तेव्हा त्यातल्या जवळजवळ ८० टक्के लोकांची घनता कमी भरली. २००७ सालचा हा अभ्यास आहे. ऑस्टिओपोरोसिस म्हटलं की आपल्यासमोर बाथरूममध्ये घसरून खुबा मोडलेली आजी येते. इथे तर विशी-तिशीतली पोरं आहेत.

त्यांच्या हाडांना इतक्या लवकर काय झालं? हा प्रश्न नीट विचारला की वैद्यकशास्त्रातल्या एका विलक्षण शोधमालिकेत आपण जाऊन पोचतो. ती सिकलसेलसाठी सुरू झाली नव्हती. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं का झिजतात, हे शोधता शोधता ती सुरू झाली.

आधी हाड म्हणजे काय ते पाहायला हवं, कारण आपण सगळे ते सांगाड्यावरून शिकलो आणि सांगाडा मेलेल्या माणसाचा असतो. जिवंत हाडात, त्या टणक खनिजाच्या आत, पेशी गाडून घेतलेल्या असतात. माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे ४२ अब्ज अस्थिपेशी असल्याचा हिशेब २०१५ साली बुएन्झ्ली आणि सिम्स या संशोधकांनी मांडला. प्रत्येक पेशीला डझनावारी बारीक शाखा, आणि त्या शाखा सूक्ष्म नलिकांमधून दुसऱ्या पेशींच्या शाखांना जाऊन भिडतात. या शाखा एकापुढे एक जोडल्या तर लांबी होते सुमारे १,७५,००० किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावरून चार फेऱ्या मारूनही उरेल इतकी. आपण जिना उतरतो तेव्हा हाड किंचित वाकतं, नलिकांतला द्रव हलतो, आणि या जाळ्याला कळतं की भार कुठे पडला, तडा कुठे गेला. हे वाचल्यापासून मला तरी हाडाकडे ‘आधार’ म्हणून पाहता येत नाही. ते एक जाणतं, ऐकतं इंद्रिय आहे.

तडा कळला की दुरुस्ती. रस्त्याचं काम निघावं तसं हाडाचं काम निघतं: आधी खोदणाऱ्यांची टोळी येते, मग भरणाऱ्यांची. खोदणाऱ्या त्या अस्थिभक्षक पेशी. अशी एकेक पेशी म्हणजे अनेक पेशी एकत्र मिसळून झालेली, अनेक केंद्रकांची. ती हाडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटते, कडेने सील करते आणि त्या बंद जागेत आम्ल सोडते. सामू सुमारे ४.५ पर्यंत उतरतो, खनिज विरघळतं, मग विकरं उरलेल्या कोलॅजेनचे तुकडे करतात. दोन-तीन आठवड्यांत खड्डा तयार. मागोमाग अस्थिजनक पेशी येतात आणि तो भरतात. त्याला मात्र तीन-चार महिने लागतात. या हिशेबाने प्रौढ माणसाचा दरवर्षी सुमारे दहावा हिस्सा सांगाडा नवा होतो. खोदाई आणि भराई जुळली तर हाड शाबूत राहतं. खोदाई वाढली किंवा भराई थकली की हाड आतून विरळ होत जातं, आणि माणसाला काहीच जाणवत नाही. पहिली तक्रार बहुधा फ्रॅक्चरचीच असते.

आता ऑक्सिजन. आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनचा बराचसा भाग पेशींत सुरळीत पाणी होऊन जातो. थोडा भाग मात्र अर्धवट अवस्थेत निसटतो. सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि तिथे मोकळं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत आक्रमक रेणू. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन यांनी आणि १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी या फ्री रॅडिकल्सवर बोट ठेवलं. १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारं विकर सस्तन प्राण्यांच्या लाल पेशींत सापडलं. म्हणजे हे रेणू आत तयार होतात आणि जीवसृष्टीने त्यांच्यासाठी आधीपासून पहारा बसवलाय, हे पक्कं झालं. पहारा अपुरा पडून पारडं रॅडिकल्सकडे झुकतं त्या अवस्थेला हेल्मुट सीस यांनी १९८५ साली ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हटलं.

हाडाशी याचा संबंध काय? १९९० साली गॅरेट, बॉइस आणि मंडी यांच्या गटाने उंदरांच्या हाडांवर प्रयोग करून दाखवलं की ऑक्सिजनचे हे रेणू अस्थिभक्षक पेशींना उठवतात आणि हाडाची खोदाई वाढवतात. नुसतं ‘नुकसान होतं’ असं ते नव्हतं. रॅडिकल्स म्हणजे गंज, पेशी म्हणजे त्याचे बळी, हे तोवरचं चित्र होतं. इथे पेशी त्या रेणूंकडून हुकूम घेताना दिसत होती. २००५ साली कोरियन संशोधकांनी तो हुकूम कसा पोचतो तेही उलगडलं. अस्थिभक्षक पेशी जन्माला येण्यासाठी रँक-लिगंड नावाचा प्रथिन-निरोप लागतो. तो निरोप मिळाला की पेशी स्वतःच मुद्दाम ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बनवते, आणि त्यांच्याच मार्फत पुढची यंत्रणा सुरू होते. ते रेणू शोषून घेतले तर अस्थिभक्षक पेशी नीट घडतच नाही. ज्याला आपण कचरा समजत होतो ते पत्र निघालं.

लंडनमध्ये टिम चेंबर्स यांच्या गटाने २००३ साली केलेला प्रयोग मला या सगळ्या मालिकेत सर्वात देखणा वाटतो. उंदरांचे अंडाशय काढले, म्हणजे इस्ट्रोजेन बंद झालं, की त्यांची हाडं भराभर झिजतात. रजोनिवृत्तीचाच तो नमुना. या गटाने पाहिलं की त्याच वेळी अस्थिमज्जेतला ग्लुटाथायोन हा रॅडिकल्स विझवणारा मुख्य रेणू घटतो, आणि इस्ट्रोजेन दिलं की लगेच परत येतो. मग त्यांनी इस्ट्रोजेनला हात न लावता फक्त ग्लुटाथायोन वाढवणारी औषधं दिली, एन-ॲसेटिलसिस्टीन आणि क जीवनसत्त्व. झीज थांबली. उलट, अंडाशय शाबूत असलेल्या उंदरांत ग्लुटाथायोन कमी करणारं रसायन दिलं, तर इस्ट्रोजेन असूनही हाडं झिजली. दोन्ही बाजूंनी कुलूप लावून पाहिलेला इतका स्वच्छ प्रयोग विरळा. स्त्रीच्या हाडांना इस्ट्रोजेन जपतं हे फुलर अल्ब्राइट यांच्यापासून, म्हणजे १९४१ पासून माहीत होतं. ते जपतं कसं, याचं एक उत्तर साठ वर्षांनी मिळालं: ते अस्थिमज्जेतल्या पहाऱ्याला रसद पुरवतं.

भराईच्या बाजूलाही असाच एक चमत्कार आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये स्टाव्रोस मॅनोलागास आणि मारिया अल्मेडा यांच्या गटाने २००७ साली बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची गोष्ट उलगडली. अस्थिजनक पेशी घडायला बीटा-कॅटेनिन लागतं. रॅडिकल्स वाढले की पेशीत फॉक्सओ नावाची प्रथिनं जागी होतात आणि बचावाची तयारी करतात. पण त्यांनाही मदतीला तेच बीटा-कॅटेनिन लागतं. ते एकाच पेशीत मोजकंच असतं. बचावाला ओढलं की बांधकामाला उरत नाही. पेशी वाचते, हाड मात्र घडायचं राहून जातं. २०१० साली मॅनोलागास यांनी एक गाजलेला लेख लिहून मांडलं की ऑस्टिओपोरोसिसचा विचार इस्ट्रोजेनभोवती फिरवण्याऐवजी वय आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस यांच्याभोवती फिरवायला हवा.

त्यानंतर या विषयावर संशोधनाचा पूर आला, गेल्या दहा-बारा वर्षांत त्यातला मोठा वाटा चीनमधून. सुरुवातीला ‘रॅडिकल्स’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ एवढंच असे. आता मायटोकॉन्ड्रिया, पेशींचं म्हातारपण, आतड्यातले जिवाणू आणि फेरोप्टोसिस हे शब्द त्यांच्या जागी आलेत. पण या पुरातही मॅनोलागास यांच्याच प्रयोगशाळेचं पुढचं काम मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यांनी स्वतःचीच मांडणी कठोरपणे तपासली. २०१४ साली त्यांनी असे उंदीर घडवले की ज्यांच्या अस्थिभक्षक पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं विकर बसवलेलं होतं. अंडाशय काढूनही त्यांची हाडं टिकली. मग वयाने येणारी झीजही अशीच थांबेल, अशी अपेक्षा होती. २०१७ साली त्यांनी छापलं की इस्ट्रोजेनच्या अभावाने होणारी झीज आणि वयाने होणारी झीज या दोन वेगळ्या वाटा आहेत. एका ठिकाणी चालणारी किल्ली दुसऱ्या ठिकाणी लागत नाही. विज्ञान पुढे जातं ते असं.

आता विदर्भातल्या विशीतल्या हाडांकडे परत येऊ. वरच्या सगळ्या गोष्टी तिथे एकाच वेळी आणि घाईघाईने घडताना दिसतात.

पहिली गोष्ट जागेची. अस्थिमज्जेत ऑक्सिजन मुळातच कमी असतो. २०१४ साली जिवंत उंदरांच्या मज्जेत थेट मोजमाप झालं तेव्हा काही कोपऱ्यांत तो १.३ टक्क्यापर्यंत खाली असल्याचं दिसलं. हवेत तो २१ टक्के असतो. काचेच्या नळीत डायथायोनाइटने जे केलं तेच इथे नैसर्गिकरीत्या घडायला तयार असतं. रक्त संथ, वाटा अरुंद, ऑक्सिजन तुटपुंजा. नागपूरच्या मे महिन्यात शरीरातलं पाणी आटलं, किंवा डिसेंबरच्या पहाटे अंग गारठलं, तरी तोल जायला तेवढं पुरतं. लाल पेशी कडक आणि वाकड्या होतात, वाट अडते, पलीकडचं हाड उपाशी राहतं.

दुसरी गोष्ट त्या हिमोग्लोबिनची. तुमच्या-माझ्या रक्तातलंही साधारण अर्धा ते तीन टक्के हिमोग्लोबिन रोज आपोआप ऑक्सिडाइझ होतं आणि त्या प्रत्येक वेळी एक सुपरऑक्साइड सुटतो. पेशीतला पहारा तो निस्तरतो. रॉबर्ट हेबेल यांनी १९८२ साली दाखवलं की सिकलसेलच्या लाल पेशी असे रेणू साध्या पेशींच्या सुमारे दुप्पट बनवतात. १९८८ साली त्यांनीच मोजलं की सिकल हिमोग्लोबिन १.७ पट वेगाने ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातला लोहयुक्त हीम सहज सुटतो. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवस. म्हणजे फुटणाऱ्या पेशींतून हीम आणि लोह सतत सांडत राहतं.

तिसरी गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ थांबून विचार करत राहिलो. क्रायसिस ओसरतो, अडलेलं रक्त पुन्हा वाहू लागतं, सलाईन लागलेलं असतं, दुखणं कमी होतं, घरचे निःश्वास टाकतात. रसायनाच्या दृष्टीने धोक्याची वेळ नेमकी तीच असते. उपाशी ऊतींत अचानक ऑक्सिजन शिरला की सुपरऑक्साइडचा लोंढा येतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही असंच होतं. इटलीतल्या व्हेरोना इथल्या गटाने २०१५ साली सिकलसेल असलेल्या उंदरांना वारंवार कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलं आणि परत साध्या हवेत आणलं. हाडांत अस्थिजनक पेशींचं काम मंदावलं, अस्थिभक्षक पेशींचं वाढलं. झोलेड्रोनिक ॲसिड, म्हणजे आपल्याकडे ऑस्टिओपोरोसिससाठी वर्षातून एकदा शिरेतून देतात तेच औषध आधी दिलं, तर ही झीज टळली. आजीचं औषध आणि नातवाची हाडं एका प्रयोगात भेटली.

चौथी गोष्ट लोहाची. लाल पेशी टिकत नाहीत म्हणून अनेकांना रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. २०१० साली न्यूयॉर्कमधल्या गटाने लोह साठवलेल्या उंदरांची हाडं पातळ झाल्याचं दाखवलं. तिथेही एन-ॲसेटिलसिस्टीन दिल्यावर झीज आटोक्यात आली. फेरोप्टोसिस हे नाव २०१२ सालचं. लोहामुळे पेशीच्या पडद्यातली स्निग्धं ऑक्सिडाइझ होऊन पेशी मरते, त्याला हे नाव दिलं. आज ऑस्टिओपोरोसिसच्या संशोधनात त्याचा सगळीकडे शोध चाललाय. सिकलसेलच्या माणसाला तो शोधायला लांब जावं लागत नाही.

याखेरीज मज्जेला रात्रंदिवस नव्या लाल पेशी घडवाव्या लागतात. ती पसरते, आणि पसरायला जागा हाडाच्या भिंतीतूनच मिळते. आणि नागपूरच्या इतक्या उन्हातही ड जीवनसत्त्व कमी असणारी माणसं कमी नाहीत.

मला म्हणायचंय ते हेच: विदर्भातला सिकलसेल म्हणजे म्हातारपणाच्या ऑस्टिओपोरोसिसची हुबेहूब नक्कल अजिबात नाही; रक्त अडून हाड मरणं ही त्याची स्वतःची वेगळी क्रूरता आहे. पण ऑक्सिजनचे रेणू, लोह, खोदाई आणि भराई यांचं जे नाटक आजीच्या हाडात तीस वर्षं हळूहळू चालतं, ते इथे डोळ्यांसमोर वेगाने चालतं. आजीसाठी शोधलेल्या गोष्टी या मुलांच्या कामी याव्यात आणि या मुलांच्या हाडांतून जे कळेल ते जगभरच्या आजींच्या उपयोगी पडावं, अशी ही जागा आहे. सिकलसेलकडे पाहिलं जातं ते मात्र फक्त ‘रक्ताचा आजार’ म्हणून.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? हा प्रश्न येणारच, आणि औषधाच्या दुकानात त्या बाटल्या रांगेने उभ्याही असतात. फिनलंडमध्ये हजारो धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर १९९४ साली निकाल लागला की त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढला. २०१२ साली जपानी संशोधकांनी उंदरांना भरपूर ई जीवनसत्त्व दिलं, तर अस्थिभक्षक पेशी जास्त एकत्र मिसळू लागल्या आणि हाडं घटली. हे अनपेक्षित वाटतं, आणि हा परिणाम ई जीवनसत्त्वाच्या अँटिऑक्सिडंट गुणामुळे नव्हताच. शिवाय २००५ चा तो कोरियन शोध आठवला की कळतं: ज्या रेणूंनी निरोप पोचवायचा तेच सरसकट पुसून टाकले तर शरीराचा कारभार बिघडणारच. हवं आहे ते योग्य पेशीत, योग्य जागी, योग्य प्रमाणात. सिकलसेलसाठी २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एल-ग्लुटामिन हे अमिनो आम्ल या वाटेवरचं एक पाऊल आहे. ते लाल पेशीतला पहारा बळकट करतं. २३० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरातल्या क्रायसिसचा मध्यक हे औषध न मिळालेल्यांत चार होता, मिळालेल्यांत तीन. फार नाही, पण ज्याला क्रायसिस माहीत आहे त्याला एक टळण्याची किंमत ठाऊक आहे.

त्याहून कितीतरी मोठा आधार हायड्रॉक्सीयुरियाचा आहे, आणि त्यात नागपूरचं योगदान आहे. ते औषध गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं आणि ते हिमोग्लोबिन सिकलच्या धाग्यांमध्ये मोडता घालतं. नागपूरच्या मेडिकलमधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरावीक डोस दिला. २०१२ साली छापलेल्या त्या अभ्यासात क्रायसिस आणि रक्त चढवण्याची गरज पुष्कळ घटली. कमी डोस म्हणजे कमी खर्च, कमी देखरेख, आणि गडचिरोलीच्या गावातून येणाऱ्या कुटुंबाला हाच फरक औषध चालू राहतं की सुटतं हे ठरवतो.

आणि संत्री? नागपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. क जीवनसत्त्वाचं हाडांतलं मोठं काम अँटिऑक्सिडंट म्हणून सांगतात त्याहून वेगळं आहे. कोलॅजेनच्या दोरीला पीळ बसण्यासाठी एक विकर लागतं, त्या विकराच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो, आणि तो अणू काम करता करता ऑक्सिडाइझ होऊन अडकला की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावतं. एका अणूची ही सेवा थांबली की स्कर्व्ही: हिरड्या सुजतात, जुने जोडलेले फ्रॅक्चर पुन्हा उकलतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात १७ वर्षांच्या नोंदींत क जीवनसत्त्व जास्त मिळणाऱ्या ज्येष्ठांचे खुबे कमी मोडल्याचं २००९ साली दिसलं. तेव्हा संत्री खावीत, आनंदाने खावीत. सिकलसेलचं औषध म्हणून मात्र नाही. ज्यांच्या अंगात लोह साठलंय त्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण ते आतड्यातून लोह शोषायला मदत करतं.

शेवटी मोजमापाबद्दल, कारण इथे फसगत होते. हाडाची घनता डेक्सा यंत्राने मोजतात आणि आकडा जास्त म्हणजे हाड चांगलं असं आपण धरून चालतो. १९९० साली अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिस झालेल्या २०२ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यातल्या काहींना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिलं होतं. चार वर्षांत त्यांच्या कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, आणि हातापायांची हाडं मात्र जास्त मोडली. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांना फ्लोराइडने दाट पण ठिसूळ झालेली हाडं पुस्तकातून शिकावी लागलेली नाहीत, विहिरीच्या पाण्यातून ती त्यांच्या घरी आली. 

सिकलसेलमध्येही आकडा असाच फसवू शकतो. मेलेल्या हाडाच्या जागी कधी कधी खनिज दाट साचतं, मणके मधोमध दबून माशाच्या मणक्यासारखे दोन्हीकडून खोलगट होतात, आणि यंत्राला ते दाट दिसतात. आकडा बरा येतो, हाड बरं नसतं. तरुणांची तुलना त्यांच्याच वयाच्या निरोगी माणसांशी करायला हवी, हेही अनेकदा राहून जातं.

सर्वात फसवा असतो तो खुबा. मांडीच्या हाडाचा गोल माथा मोजक्या बारीक धमन्यांवर जगतो. त्या अडल्या तर पर्यायी वाट जवळजवळ नसते. आतलं हाड मरतं, पण बाहेरचा आकार महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि एक्स-रे स्वच्छ येतो. एमआरआय ते कितीतरी आधी दाखवतो. म्हणून सिकलसेल असलेल्या मुलाने किंवा मुलीने जांघेत दुखतंय, मांडी घालून बसता येत नाही असं सांगितलं, तर एक्स-रे चांगला आहे एवढ्यावर थांबू नये. माथा खचायच्या आधी कळलं तर भार कमी करता येतो, हाडाच्या गाभ्यातला दाब शस्त्रक्रियेने उतरवता येतो, आणि पंचविशीत सांधा बदलायची वेळ पुढे ढकलता येते.